वंशावळीतली अपुरी माणसे : बायबल, कृपा आणि आपण

मंडळी, आपल्या या सीमाभागात ज्यांची घरे चार-सहा पिढ्या एका जागी आहेत, त्यांना हेळवी ठाऊक आहे. पूर्वी तो बैलावर बसून येई. ओसरीवर बसून तो घराण्याची वंशावळ म्हणू लागतो : मूळ पुरुष कोण, तो कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, कोणती शाखा कोणत्या गावी जाऊन राहिली. खापरपणजोबांचे नाव कानावर पडले की घरातली जुनी माणसे हरखून जातात, आणि हेळव्याच्या पदरात धान्य पडते. मात्र त्याने घराण्याचा मोठेपणा सांगावा अशीच आपली अपेक्षा असते. कुणी भावाचा हिस्सा दडपला, कुणी सुनेला घराबाहेर काढले, हे त्याने चार माणसांत मोठ्याने वाचावे असे कुणालाही वाटत नाही.

बायबलच्या नव्या कराराचे पहिले पान असेच वंशावळीचे आहे. मत्तय आपल्या शुभवर्तमानाची सुरुवात येशूच्या पूर्वजांच्या नावांनी करतो. वाचणारे बहुतेक जण हे पान उलटून पुढे जातात. पण थांबून पाहिले तर लक्षात येते, की हा हेळवी काही वेगळाच आहे. पुरुषांच्या नावांच्या त्या लांब यादीत मरीयेच्या आधी तो चार स्त्रियांचा उल्लेख करतो, आणि सारा, रिबका अशा मानाच्या कुलमाता त्यात नाहीत. पहिली तामार. सासरा यहूदा याने दिलेला शब्द मोडला, म्हणून वेष बदलून तिने त्याच्याकडूनच वंश मिळवला. ती गरोदर असल्याचे कळताच तिला जाळायला निघालेल्या यहूदाला शेवटी चारचौघांत कबूल करावे लागले, की आपल्यापेक्षा हीच न्यायी आहे. दुसरी यरीहोची वेश्या राहाब. तिसरी परक्या मवाबातली विधवा रूथ. चौथीचे तर तो नावही घेत नाही. उरीयाची बायको एवढेच म्हणतो. त्या दोन शब्दांत दावीद राजाचे सगळे पाप मावते, कारण दावीदाने जिला घरात आणले ती दुसऱ्याची बायको होती आणि त्या दुसऱ्याला त्याने मारवले होते, याची आठवण तो पुसू देत नाही.

घराण्याची लाज वंशावळीतून गाळायची नाही असे मत्तयाने का ठरवले असेल? या प्रश्नाचा माग काढत गेले की ‘कृपा’ या शब्दाशी पोहोचतो. आज त्या शब्दाचा विचार करू.

कृपा म्हणजे काय

कृपा हा शब्द आपल्याला नवा नाही. जुन्या पत्रांत ‘आपले कृपेकरून सर्व क्षेम’ असे लिहिण्याची रीत होती. गुरुकृपा, देवाची कृपा, कृपादृष्टी हे शब्द वारकरी घरात जन्मलेल्याला शिकवावे लागत नाहीत. संतांनी विठ्ठलाला पतितपावन म्हटले आणि स्वतःचे दोष उघडपणे त्याच्या पायाशी मांडले. त्यामुळे पापी माणसाला देव जवळ करतो ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली आपल्या शेजारच्या गोव्यात क्रिस्तपुराण छापले, तेव्हा बायबलची ही सारी माणसे ओवीच्या छंदात मराठीत आली. म्हणजे चारशे वर्षे ती आपल्या भाषेत वावरत आहेत.

तरीही नेहमीच्या बोलण्यातली कृपा आणि बायबलमधली कृपा यांत थोडा फरक आहे. नेहमीच्या बोलण्यात कृपा ही वरच्याने खालच्यावर केलेली मेहेरनजर असते, आणि ती बहुधा लायक माणसावर होते. विद्यार्थी मन लावून शिकतो, म्हणून गुरूची कृपा. बायबलमध्ये ग्रीक भाषेतला जो ‘खारिस’ शब्द आहे, त्याचा रोख लायकी नसताना मिळालेल्या देणगीकडे आहे. कामाचा मोबदला म्हणजे मजुरी. शिक्षेत सूट म्हणजे दया. ज्याच्यावर आपला हक्क नव्हता आणि जे मागायचे धाडसही झाले नसते ते हाती येणे, ही कृपा. ती हिशेबात बसत नाही, म्हणून हिशेबी माणसाला तिचा राग येतो. हा राग बायबल लपवत नाही. उधळा मुलगा घरी परतल्यावर दाराबाहेर फुरंगटून उभा राहिलेला थोरला भाऊ आपल्या ओळखीचाच आहे.

पण व्याख्येने कृपा फारशी कळत नाही. ज्यांच्या वाट्याला ती आली, त्यांच्याकडे पाहावे लागते. त्यांतली चार माणसे घेऊ.

याकोब : आपले नाव सांगण्यापर्यंत

याकोबाची गोष्ट दोन भावांच्या वाटणीची आहे, त्यामुळे आपल्याकडे ती समजावून सांगावी लागत नाही. बांधावरून नाहीतर हिश्श्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद असलेली घरे प्रत्येक गावात आहेत. याकोबाने भुकेल्या भावाकडून एका वाढणीवर थोरलेपण विकत घेतले. मग आंधळ्या बापापुढे भावाचे कपडे घालून, हातांना करडाचे कातडे बांधून तो उभा राहिला. बापाने विचारले, तू कोण? याकोब म्हणाला, मी एसाव.

भावाच्या रागाला भिऊन तो पळाला. रानात धोंडा उशाला घेऊन झोपला असता त्याला स्वप्नात शिडी दिसली आणि देवाने सांगितले, की मी तुझ्याबरोबर आहे. येथे नीट पाहिले पाहिजे. याकोबाने तोवर पश्चात्ताप केलेला नाही, क्षमा मागितलेली नाही, घेतलेले परत केलेले नाही. कृपा त्याच्या सुधारणेच्या आधी आली.

मात्र केलेले फिटले नाही. मामा लाबानाने त्याला लग्नात फसवले. पुढे त्याच्याच मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकला. करडाच्या कातड्याने बापाला फसवणारा बकऱ्याच्या रक्ताने फसला. कृपा मिळाली म्हणून पेरलेले उगवायचे राहिले नाही.

वीस वर्षांनी भावाला भेटायला निघाला असता, यब्बोक ओढ्याकाठी रात्रभर एका अनोळखी पुरुषाने त्याच्याशी झोंबी घेतली. पहाटे त्याने विचारले, तुझे नाव काय? बापाने विचारलेला तोच प्रश्न. या खेपेला तो म्हणाला, याकोब. स्वतःचे खरे नाव सांगितल्यावर त्याला नवे नाव मिळाले, आणि त्याबरोबर लंगडेपणही मिळाले. तो लंगडत पुढे गेला तेव्हा एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला. भावाच्या तोंडात देवाचे तोंड पाहिल्यासारखे वाटले, असे याकोबाने तेव्हा बोलून दाखवले. ज्याचे नुकसान केले त्याच्याच मिठीत त्याला कृपेचे दर्शन झाले.

दावीद : नाथानाची गोष्ट आधी

दावीद हा गाणारा राजा. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे त्याच्या नावावर आहेत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याचा अपराध उघडपणे सांगितला आहे. राजे मोहिमेवर जातात त्या ऋतूत हा घरी राहिला. गच्चीवरून त्याने बथशेबेला पाहिले आणि तिला आणवले. ती गरोदर राहिली, तेव्हा तिचा नवरा उरीया याला लढाईत आघाडीला ठेवून एकटे सोडावे, अशी चिठ्ठी दावीदाने सेनापतीला लिहिली आणि ती उरीयाच्याच हाती पाठवली. उरीया मेला.

आजही या गोष्टीचे कीर्तन होते तेव्हा काही वेळा दोषाचा वाटा बथशेबेवर ढकलला जातो. मूळ मजकूर तसे करत नाही. जे दावीदाने केले ते देवाला वाईट वाटले, एवढेच तो म्हणतो. राजाने माणसे पाठवून बोलावले, तेव्हा नाही म्हणण्याची सोय त्या बाईला कितीशी होती?

नाथान संदेष्टा राजाकडे येतो आणि त्याला एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे होती. गरिबाकडे मुलीसारखी वाढवलेली एकच मेंढी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची मेंढी कापली. दावीद संतापून म्हणाला, त्याने चौपट भरून दिले पाहिजे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस.

दावीदाला क्षमा मिळाली, पण सत्य चारचौघांत उच्चारले गेल्यावर. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत पुष्कळदा तो उलटा होतो. मारणाऱ्या नवऱ्याच्या, जमीन बळकावणाऱ्या चुलत्याच्या, मुलीशी वाईट वागलेल्या नातलगाच्या वतीने घरातली वडीलधारी मंडळी दुखावलेल्या माणसाला सांगतात : झाले गेले विसर, देवाचे नाव घे, माफ कर. ख्रिस्ती घरात असेल तर त्यावर कृपेचा शब्दही चढवला जातो. नाथान बथशेबेकडे गेला नाही. गप्प बस असे त्याने तिला सांगितले नाही. तो ज्याने केले त्याच्याकडे गेला. दुखावलेल्याच्या तोंडावर हात ठेवणे याला कृपा म्हणता येणार नाही. ते अपराध झाकणे झाले, आणि दावीद चिठ्ठी लिहून तेच करू पाहत होता.

क्षमेनंतरही दावीदाचे घर विसकटत गेले. मूल दगावले, एका मुलाने सावत्र बहिणीवर अत्याचार केला, दुसऱ्याने त्याचा सूड घेतला आणि पुढे बापाविरुद्ध बंड केले. तरी दावीद देवापासून तुटला नाही, आणि मत्तयाच्या वंशावळीत तो राहिला. शेजारी उरीयाचे नावही राहिले. अपराधी माणसाला जागा मिळाली, म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्याची जागा गेली नाही.

पेत्र : दोन शेकोट्या

पेत्राचा दोष निराळा. तो दुष्ट नाही, तो बोलघेवडा आणि भित्रा आहे. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही, असे तो संध्याकाळी म्हणाला. रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात थंडी पडली होती, कोळशाची शेकोटी पेटली होती. तिच्याजवळ शेकत असता त्याने तीनदा सांगितले, की मी त्या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुन्हा कोळशाची शेकोटी येते. मूळ ग्रीकमधला तो शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. पहाट, तलावाचा काठ, निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर. येशू पेत्राला आधी न्याहारी देतो. मग विचारतो, माझ्यावर तुझी प्रीती आहे का? तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटते, आणि वाईट वाटणारच, कारण तीन नकार त्याला आठवले असणार. पण प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याच्यावर काम सोपवतो : माझी मेंढरे चार, त्यांना सांभाळ. ज्या जागी माणूस मोडला, त्याच जागी त्याला पुन्हा विश्वासाचे काम दिले गेले.

पेत्र मग एकदम थोर झाला का? नाही. पुढे अंत्युखियात तो यहुदी नसलेल्या बांधवांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून काही माणसे आली, तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीने तो पंगतीतून उठू लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सुनावले. शेकोटीपाशी होती तीच भीती, फक्त जागा बदललेली. पंगत कोणाची आणि पाट कुठे मांडायचा यावरून माणसे कशी तोडली जातात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कृपा मिळालेल्या माणसालाही टोकणारा कुणी लागतो, आणि टोकणाऱ्या पौलाचाही पूर्वेतिहास मंडळीचा छळ करणाऱ्याचा आहे.

जक्कय : चौपट परत

चौथा जक्कय, यरीहोचा मुख्य जकातदार. बुटका, श्रीमंत आणि गावाच्या मनातून उतरलेला. येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने वर पाहून सांगितले, की आज मला तुझ्याच घरी उतरायचे आहे. लोक कुरकुरले. येथेही भेट आधी आहे, सुधारणा मागाहून. पण सुधारणा झाली ती बोलण्यापुरती नव्हती. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत. दावीदाने दुसऱ्याला ठोठावलेला तोच चौपटीचा दंड जक्कयाने स्वतःहून स्वतःला लावून घेतला.

निपाणीच्या माणसाला ही गोष्ट लवकर कळावी. कष्टाच्या मालाला भाव कोण ठरवतो आणि मधल्या हातांत किती राहते, या प्रश्नावर १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या महामार्गावर येऊन बसले, आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या पार्श्वभूमीवर जक्कयाचे घर पाहिले, तर कृपा ही केवळ मनातली शांती राहत नाही. तिला वजनकाट्यापर्यंत आणि वहीच्या आकड्यांपर्यंत यावे लागते. ज्याने विडी वळणाऱ्या बाईची मजुरी कापली, त्याने रविवारी डोळे मिटून पाप कबूल केले आणि सोमवारी मजुरी तशीच ठेवली, तर जक्कयाच्या घरी आलेला पाहुणा त्याच्या घरी आला असे म्हणता येत नाही.

मराठीतले धडे

आता आपल्या भाषेकडे येऊ. माणसाला त्याच्या दोषांसकट सांगण्याची ही रीत मराठी ख्रिस्ती लेखनात उतरली, आणि त्याचा पहिला धागा याच गावात आहे. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या पुस्तकाचे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची घालमेल लिहून ठेवली. मुंबईत ते परमहंस सभेत होते, जिथे जातिभेद मोडायचा, पण गुप्तपणे. मनाला पटलेले आणि लोकांत दाखवायचे यांतली ही ओढाताण पेत्राच्या शेकोटीपासून फार दूर नाही.

दुसरे उदाहरण ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना महाराष्ट्र भक्तकवी म्हणून मानतो. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. लक्ष्मीबाईंना मागून त्या वाटेवर यायला पाच वर्षे लागली. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्या नवऱ्याचा शीघ्रकोप, न सांगता घरातून निघून जाणे, हातातला पैसा देऊन टाकणे आणि त्यामुळे झालेले स्वतःचे हाल, काहीही लपवत नाहीत. स्वतःच्या सोवळ्याओवळ्यालाही हसतात. पुस्तक मिटल्यावर टिळक लहान झाले असे मात्र वाटत नाही. दावीदाचे चरित्र लिहिणाऱ्याला जे साधले, ते लक्ष्मीबाईंना नाशिकच्या आणि नगरच्या घरगुती मराठीत साधले.

तिसरे उदाहरण एका घराच्या नावाचे. पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली निधनापूर्वी ते पुरे केले. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी वेगळे घर होते. त्याचे नाव कृपासदन. या स्त्रियांतल्या कितीतरी जणी स्वतः अपराधी नव्हत्या, दुसऱ्यांच्या अपराधाच्या बळी होत्या. तामार आणि बथशेबा यांना मत्तयाने वंशावळीत जागा दिली. रमाबाईंनी त्यांच्या बहिणींना छप्पर, काम आणि अक्षरे दिली.

मग चांगले का वागायचे?

एक शंका उरते, आणि ती जुनी आहे. देव पापी माणसालाच जवळ करतो, तर चांगले वागायचे कशाला? रोमच्या मंडळीला लिहिताना पौलाने हीच शंका स्वतः उभी करून तिला सपशेल नाकारले. चारही गोष्टी तेच सांगतात. कृपा मिळाल्यावर याकोब भावासमोर गेला, दावीदाने आरोप मान्य केला, पेत्राने मेंढरे सांभाळली, जक्कयाने वही उघडली. कृपेने कुणालाही मोकाट सोडले नाही. भीतीने जे करवले नव्हते ते करण्याचे बळ दिले.

आणि ज्याला वाटते की आपले काही चुकलेच नाही, त्याला या गोष्टींत शिकण्यासारखे थोडेच आहे. तो थोरल्या भावासारखा दाराबाहेर उभा राहील. पण प्रत्येक घरात असा एक जण असतो, ज्याचे नाव जेवताना कुणी घेत नाही. कर्ज करून गेलेला, दारूत बुडालेला, मनाविरुद्ध लग्न केलेली, तुरुंगातून परतलेला. त्यांच्यात अपराध केलेलेही आहेत आणि नुसता ठपका बसलेलेही आहेत. तो भेद नाथानासारखा नीट पाहावा, सत्य बोलावे, घेतलेले परत करवावे. पण त्यांचे नाव गाळू नये. पुढच्या खेपेला हेळवी ओसरीवर येईल आणि घरातली माणसे सांगा म्हणेल, तेव्हा ते नावही त्याला सांगावे.